खर्ऱ्याचा खाडा कोण मोजणार?

दुपारी दीड-दोनच्या सुमारास सदरच्या रेसिडेन्सी रोडवरील कार्यालयांना जेवणाची सुटी झाली, की पानठेल्यांपुढे घोळका जमतो. ठेलेवाला पन्नीवर सुपारीचा चुरा टाकतो, त्यात तंबाखू आणि चुना मिसळतो, पन्नी गुंडाळून तळहातांत घोटतो आणि पुडी पुढे करतो. घेणाऱ्याच्या दुसऱ्या हातात स्मार्टफोन असतो. पैसे त्याच फोनवरून दिले जातात. दिवसभरात किती पावले चालणे झाले, पाणी किती ग्लास प्यायले, झोप किती तास लागली हे त्या फोनला ठाऊक असते. आतापर्यंत कितवा खर्रा झाला, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

सवयी मोजणाऱ्या अ‍ॅपची आज कमतरता नाही. रोज टिक करा, साखळी तोडू नका, पदक मिळवा, मित्रांना दाखवा, अशा चौकटीतली शेकडो अ‍ॅप फोनवर उतरवता येतात. त्यांपैकी बहुतेकांची रचना चांगली सवय लावण्याच्या कल्पनेवर उभी आहे. वाईट सवय सोडवणे हा त्यांच्यासाठी त्याच कोष्टकातला आणखी एक रकाना. विदर्भात, विशेषतः नागपूर आणि त्याच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत, आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत आधी मोजावी अशी सवय कोणती, याचे उत्तर पानठेल्यावर मिळते. हा रकाना खर्ऱ्याच्या कामी येईल का, हे तपासण्यासारखे आहे.

सुरुवात २१ दिवसांच्या समजापासून करावी लागते. २१ दिवस केले की सवय लागते, हे वाक्य अनेक अ‍ॅपच्या पहिल्याच पडद्यावर दिसते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ पुढे गळाला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली. प्रत्यक्ष मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ जणांनी प्रत्येकी एक साधी कृती निवडली, जसे जेवणाबरोबर फळ खाणे किंवा ठरल्या वेळी पाणी पिणे, आणि १२ आठवडे रोज नोंद ठेवली. कृती आपोआप होऊ लागण्यास लागलेल्या काळाची मध्यम संख्या ६६ दिवस निघाली. पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अ‍ॅप बनवणाऱ्यांनी जवळपास दुर्लक्षितच केली. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडत नव्हता.

म्हणजे साखळी तुटू न देण्याचा जो आग्रह अ‍ॅप धरते, त्याला सवय लागण्याच्या शास्त्राचा फारसा आधार नाही. त्याचा आधार वेगळा आहे. साखळी तुटण्याची भीती माणसाला रोज अ‍ॅप उघडायला लावते, आणि अ‍ॅपचा धंदा उघडण्यावर चालतो. पाणी पिण्याच्या बाबतीत हा खेळ निरुपद्रवी ठरतो. तंबाखूच्या बाबतीत तो उलटू शकतो.

तंबाखू सोडणे म्हणजे नवी कृती जोडणे नव्हे. निकोटिन बंद झाले की चिडचिड, अस्वस्थता, झोपेची मोडतोड आणि एकाग्रतेचा अभाव सुरू होतो. पहिला आठवडा सर्वांत जड जातो आणि त्रास ओसरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. खर्ऱ्यात त्यावर सुपारीची भर असते. सुपारीतील अ‍ॅरेकोलिन स्वतःच व्यसन लावणारे द्रव्य आहे. तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उतरते. त्या काही मिनिटांत चहाची टपरी, जेवणानंतरची रिकामी पंधरा मिनिटे आणि पुडी पुढे करणारा मित्र समोर असतो. अशा माणसाला रात्री नऊ वाजता ‘आज खर्रा टाळलात का?’ अशी सूचना पाठवणारे अ‍ॅप त्याला नेमक्या त्याच वस्तूची आठवण करून देते, जी तो विसरू पाहत आहे. पाण्याच्या आठवणीची घंटा आहे तशीच इथे लावता येत नाही.

आणि चूक होतेच. सोडणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक एकदा तरी घसरतात. व्यसनमुक्तीच्या अभ्यासात अ‍ॅलन मार्लट यांनी १९८०च्या दशकात या घसरणीनंतर मनात काय घडते ते मांडले. एकदा खाल्ले म्हणजे सगळे संपले, आपल्यात दमच नाही, मग आता कशाला थांबायचे, असे माणूस स्वतःला सांगतो आणि एका पुडीची परतफेड पूर्ण पुनरागमनाने होते. चाळीस दिवसांची साखळी एकेचाळिसाव्या दिवशी शून्यावर आणणारा पडदा हेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो. चाळीस दिवस शरीराला तंबाखू मिळाली नाही, ही वस्तुस्थिती त्या शून्यात कुठेच उरत नाही.

याहून शहाणी पद्धत मराठी घरांच्या भिंतीवर कित्येक वर्षे टांगलेली आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’च्या चौकोनांत पिढ्यान्‌पिढ्या दुधाचा हिशेब लिहिला गेला. तिथे रोज दूध आल्याची टिक कोणी करत नाही. दूध येणार हे गृहीत असते. न आलेल्या दिवशी फक्त ‘खाडा’ लिहायचा. महिना संपला की खाडे वजा करून पैसे द्यायचे. रचनेच्या दृष्टीने हा हिशेब फार काटकसरीचा आहे. नोंद अपवादाची ठेवली, त्यामुळे लिहिण्याचा कंटाळा येत नाही. आणि एका खाड्याने महिन्याचा हिशेब शून्य होत नाही. तीस दिवसांत तीन खाडे म्हणजे सत्तावीस दिवस दूध आले, एवढाच त्याचा अर्थ.

खर्रा सोडणाऱ्यासाठीचे अ‍ॅप या हिशेबावर बेतले तर ते रोज दार ठोठावणार नाही. घसरण झाली त्याच दिवशी बोट लावायचे आणि त्याबरोबर एकच प्रश्न: कुठे होता, कोणाबरोबर होता? महिनाअखेर त्या माणसाला दिसेल की सहापैकी पाच खाडे दुपारी जेवणानंतर, त्याच ठेल्यावर, त्याच मित्राबरोबर झाले. ही माहिती पदकापेक्षा कितीतरी कामाची. यात धोका एकच, आणि तो लहान नाही. कंटाळून अ‍ॅप सोडून दिलेला माणूस आणि खरोखर खर्रा सोडलेला माणूस या हिशेबात सारखेच दिसतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी ‘चालू आहे ना?’ एवढे विचारावे लागेल, आणि उत्तर आले नाही तर तो आठवडा कोरा ठेवावा लागेल. यशात धरता येणार नाही.

चातुर्मासाच्या नेमातही अ‍ॅपवाल्यांनी पाहावे असे काही आहे. आषाढी एकादशीला कांदा-लसूण किंवा वांगे सोडणारा माणूस नेम घेतानाच तो कधी सुटणार हे जाणतो. कार्तिकीला नेम पुरा होतो, त्याचे उद्यापन होते. मुदत ठरलेली, घरच्यांना माहीत असलेली, पंक्तीतही सांभाळली जाणारी. वर्षाच्या वर्गणीवर चालणाऱ्या अ‍ॅपला उद्यापन परवडत नाही. वापरणारा बरा होऊन निघून गेला तर महसूलही जातो. अर्थात नेमाची रीत तंबाखूला जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे, कारण कार्तिकीनंतर वांगे पुन्हा ताटात येते आणि त्याने बिघडत काहीच नाही. पण ‘आयुष्यभर’ या शब्दाने धास्तावणाऱ्याला पहिले चार आठवडे ही मुदत देणे आणि ती घरच्यांसमोर देणे, यात शास्त्राला वावडे असे काही नाही.

हे सगळे अंदाज झाले. पुरावा काय सांगतो? मोबाइलवरून तंबाखू सोडवण्याच्या प्रयोगांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१९मध्ये घेतला. त्यात २६ अभ्यास आणि ३३ हजारांहून अधिक लोक होते, बहुतेक सिगारेट ओढणारे. साध्या लघुसंदेशांनी मदत केलेल्यांमध्ये सोडण्याचे प्रमाण किरकोळ मदत मिळालेल्यांच्या सुमारे दीडपट आढळले. स्मार्टफोन अ‍ॅपमुळे असा फायदा झाल्याचे त्या वेळच्या पुराव्यात दिसले नाही. याआधी २०११मध्ये ब्रिटनमध्ये ५,८०० जणांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनंतर संदेश मिळणाऱ्यांपैकी १०.७ टक्के आणि इतरांपैकी ४.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, आणि ते त्यांच्या शब्दावर न मानता लाळेच्या तपासणीने ताडून पाहिले होते.

चकचकीत अ‍ॅप हरले आणि जुना एसएमएस जिंकला, याचे नवल वाटते. पण कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. संदेश आपणहून येतो, अ‍ॅप उघडावे लागते. संदेश सोडण्याच्या ठरलेल्या तारखेभोवती आखलेला असतो. पहिल्या दिवसांत दाट, नंतर विरळ. आणि सोडणाऱ्याला त्यासाठी काहीच भरावे लागत नाही.

भारतात हा मार्ग २०१६पासून खुला आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू केलेल्या एम-सेसेशन कार्यक्रमात ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की नोंदणी होते आणि संदेश सुरू होतात. लाखो लोकांनी नोंदणी केली. त्यातल्या काही हजारांकडे चौकशी केल्यावर सहा महिन्यांनी सुमारे सात टक्के लोकांनी तंबाखू सोडल्याचे सांगितले. ‘सांगितले’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण लाळ कोणी तपासली नव्हती आणि तुलनेसाठी संदेश न मिळालेला गटही नव्हता. तरीही एका मिस्ड कॉलच्या खर्चात शंभरातले सात जण सुटत असतील, तर तो सौदा सरकारी आरोग्य व्यवस्थेत वाईट म्हणता येणार नाही.

नोंद आणि सत्य यांतले अंतर किती असू शकते, याचा भारतातला चांगला धडा क्षयरोगाच्या औषधांकडून मिळतो. ‘९९ डॉट्स’ या पद्धतीत गोळ्यांच्या पाकिटाला जाड कागदी वेष्टण असते. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला फोन क्रमांक दिसतो; रुग्णाने त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे त्या दिवशीचा डोस नोंदला जातो. क्रमांक आधी माहीत नसतो, त्यामुळे पाकीट न उघडता कॉल देता येत नाही. कल्पना स्वस्त आणि कल्पक, साध्या फोनवर चालणारी. मग मुंबई, चेन्नई आणि वेल्लोर येथे संशोधकांनी रुग्णांच्या घरी न कळवता जाऊन लघवीत औषधाचा अंश तपासला. ज्यांनी औषध खरोखर घेतले होते, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्क्यांचीच नोंद यंत्रणेत ‘घेतले’ अशी होती. ज्यांनी घेतले नव्हते, त्यांच्यापैकी सुमारे ६१ टक्केच यंत्रणेने पकडले. कोणी गोळी घेतली पण कॉल दिला नाही. कोणाच्या नावापुढे गोळी न घेताही डोस लागला. हे आकडे पाहिले म्हणजे केवळ टिक मोजून ‘आमच्या अ‍ॅपने इतक्या लोकांची सवय सुटली’ म्हणणाऱ्या जाहिरातीला किती किंमत द्यायची, ते ठरवता येते.

खर्ऱ्याच्या बाबतीत नोंदीआधीच एक अडचण उभी राहते. मोजायचे काय? परदेशी अ‍ॅप विचारते, दिवसाला किती सिगारेट. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे जो प्रश्न अ‍ॅप विचारते तो इथल्या तंबाखू खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना लागूच होत नाही. सिगारेट एक नग असते. खर्ऱ्याची पुडी एकजण एका बैठकीत संपवतो, दुसरा दिवसभर थोडी थोडी गालात धरतो, तिसरा तिघांत वाटतो. तंबाखू किती घालायची हे ठेलेवाल्याच्या हातावर आणि गिऱ्हाइकाच्या फर्माइशीवर ठरते. तिच्यावर वेष्टण नाही, घटकांची यादी नाही, आणि सिगारेटच्या पाकिटावर २०१६पासून ८५ टक्के जागा व्यापणारे इशाऱ्याचे चित्रही नाही. महाराष्ट्राने जुलै २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण ठेल्यावर डोळ्यांसमोर घोटल्या जाणाऱ्या मिश्रणाला पकडणे कारखान्यातल्या पाकिटाइतके सोपे नाही. अ‍ॅपमध्ये बारकोड वाचण्याची सोय असली तरी इथे वाचायला बारकोडच नसतो.

त्याहून घातक चूक सुपारीची. तंबाखू सोडली म्हणून साधी किंवा गोड सुपारी चघळू लागलेला माणूस सिगारेटसाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये रोज हिरवी टिक मिळवेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये सुपारीला, तंबाखू नसतानाही, मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाऊन तोंड उघडणे कमी होते, त्या सबम्युकस फायब्रोसिस या विकाराचे मुख्य कारणही सुपारीच. त्यात तिखट लागेनासे नव्हे, तर जरासे तिखटही सोसवेनासे होते. पुढे घास घेण्याइतकेही तोंड उघडत नाही. हा विकार कर्करोगाकडे जाऊ शकतो आणि एकदा आलेला ताठरपणा पुरता परत जात नाही. तेव्हा नागपुरात चालायचे असेल तर अ‍ॅपला तंबाखू आणि सुपारी हे दोन वेगळे हिशेब ठेवावे लागतील, आणि दोन्ही बंद झाल्याशिवाय दिवस साफ धरता येणार नाही. एकक म्हणून पुडीपेक्षा ‘तोंडात धरल्याच्या वेळा’ अधिक खरे ठरतील. भाषेचेही तसेच. ‘धूरविरहित तंबाखू उत्पादन’ असे लिहिलेला पर्याय सदरच्या ठेल्यावरचा माणूस स्वतःचा म्हणून ओळखणार नाही. तिथे ‘खर्रा’ हाच शब्द लिहिलेला पाहिजे.

अ‍ॅप कितीही सुधारले तरी ते सगळा भार एका माणसाच्या निर्धारावर टाकते, ही तक्रार उरतेच. सवयींवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात, की सवय परिसरातल्या खुणांना चिकटलेली असते. खूण हलली की सवय सैल होते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने, राज्य शासन आणि टाटा ट्रस्टच्या साथीने २०१६पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाचा रोख बराचसा इकडे आहे: गावाने ठराव करून विक्री थांबवायची, शाळा-कार्यालये तंबाखूमुक्त करायची आणि सोबत उपचाराची सोय ठेवायची. सदरसारख्या शहरी वस्तीत गावाचा ठराव होत नाही. पण शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असे २००३चा कायदा सांगतो, आणि शाळा-महाविद्यालयांनी भरलेल्या या भागात त्याची अंमलबजावणी किती होते, ते फाटकाबाहेर उभे राहिले की कळते. कार्यालयाच्या दारातला ठेला शंभर पावले लांब गेला, तर अ‍ॅपच्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम होईल, असे मानायला जागा आहे.

एक प्रश्न खासगीपणाचा. व्यसनाची रोजची नोंद ही विमा कंपनीला आणि मालकाला रस वाटावा अशी माहिती आहे. आयुर्विम्याच्या अर्जात तंबाखूचा प्रश्न असतो आणि हप्ता त्यावर बदलतो. अमेरिकेत २०२३मध्ये बेटरहेल्प या मानसिक आरोग्य सेवेने ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवल्याबद्दल ७८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. भारताचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्याच वर्षी संमत झाला; त्यात संमतीची अट आहे, पण आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग ठेवलेला नाही. खाड्यांची नोंद फोनबाहेर जाण्याचे काहीच कारण नसते. ती बाहेर पाठवणारे फुकटचे अ‍ॅप कोणाच्या पैशावर चालते, हे उतरवण्याआधी पाहिलेले बरे.

रोजच्या टिकेपेक्षा महिन्यातून एकदाची एक तपासणी अशा अ‍ॅपमध्ये ठेवण्याजोगी आहे, आणि तिला कॅमेराही लागत नाही. आरशासमोर उभे राहून तोंड पूर्ण उघडायचे आणि आपलीच तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकावर एक अशी उभ्या रांगेत दातांमध्ये सरकवायची. साधारणपणे तिन्ही बोटे मावतात. दोनच मावत असतील, गेल्या महिन्यापेक्षा जागा कमी वाटत असेल, गालात आतून दोऱ्यासारखे ताठ पट्टे लागत असतील, पांढरा-लाल चट्टा दिसत असेल किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तर पुढचा पडदा पदकाचा नसावा, पत्त्याचा असावा. नागपुरात तो मेडिकलच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयाचा असू शकतो. समुपदेशकाशी फोनवर बोलायचे असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा क्रमांक १८००-११२-३५६ असा आहे आणि तो कॉल निःशुल्क आहे.